चौघांचा वेळ : प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जे जे शिकवले जाते, त्यातील बहुतेक सारे त्याला एकट्याला शिकवले जाते आणि परीक्षेच्या वेळी त्याच्या एकट्याकडूनच परत मागितले जाते. गणिताची उत्तरपत्रिका तो एकटा लिहितो, ड्रॉइंग शीटवरची रेघ तो एकटा ओढतो, जर्नलमधील प्रत्येक प्रयोगाखालची सही त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होते. आणि शाळेपासूनची सारी वर्षे अशा एकाकी अभ्यासाच्या शिस्तीत घालविलेल्या त्या मुलाला किंवा मुलीला एके दिवशी सूचनाफलकावरून कळते, की यापुढील एक काम आणखी तिघांच्या सोबतीने करावयाचे आहे, त्या कामाचे यंत्र एक, अहवाल एक, मुदत एक, आणि व्हायवाच्या दिवशी परीक्षकांपुढे उभे राहावयाचे तेही एकत्रच. हे एकत्र काम करावे कसे, चार माणसांचा वेळ एका कामात गुंफावा कसा, एकाचे काम दुसऱ्यावाचून अडले असता काय बोलावे आणि केव्हा बोलावे, याविषयी मात्र त्यांना सहसा कोणी काही सांगत नाही. चार तरुण माणसे एका टेबलाभोवती बसविली म्हणजे सहकार्य आपोआप उत्पन्न होते, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. ते तसे उत्पन्न होत नाही. प्रस्तुत पुस्तक त्या न शिकविलेल्या भागाविषयी आहे. ते मिरा-भाईंदर आणि आसपासच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिले आहे, आणि त्यातील बहुतेक सूचना याच परिसरातील दिनक्रमातून निघालेल्या आहेत.

मुंबई विद्यापीठाने २०१९ साली अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुधारला, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या आरंभापासूनच लघुप्रकल्प आणि अंतिम वर्षी मोठा प्रकल्प अशी योजना केली. लघुप्रकल्पाचा गट तिघांचा किंवा चौघांचा असावा, त्याहून लहान अथवा मोठा नसावा, असे नियमांत बजावले. प्रत्येक आठवड्यात काय करावयाचे याचा आराखडा गँट, पर्ट किंवा सीपीएम यांपैकी एखाद्या पद्धतीच्या तक्त्यात आधी सादर करावा असे सांगितले. आणि प्रत्येक गटाने एक लॉगबुक ठेवून त्यात दर आठवड्याच्या प्रगतीची नोंद करावी, मार्गदर्शकाने ती पडताळून आपला शेरा लिहावा, असा दंडक घातला. टर्मवर्कच्या २५ गुणांपैकी १० गुण या लॉगबुकाच्या आधारे द्यावयाचे ठरले. ज्यांनी हा मसुदा केला त्यांना सांघिक कामाचे मर्म चांगले कळले होते, असे माझे मत आहे; कारण यंत्र चालले की नाही याच्या इतकेच, ते चालविण्यापर्यंत चौघे कसे पोहोचले याला महत्त्व आहे, ही गोष्ट त्यांनी गुणांच्या भाषेत, म्हणजे विद्यार्थ्यांना निश्चित कळेल अशा भाषेत, सांगून ठेवली.

व्यवहारात या दोन्ही कागदांची जी गत होते, ती अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. तक्ता पहिल्या आठवड्यात इंटरनेटवरील एखाद्या नमुन्यावरून तयार होतो आणि त्यानंतर अहवालाला जोडण्यापुरताच बाहेर निघतो; लॉगबुक सबमिशनच्या आठवड्यात एका बैठकीत, एका हस्ताक्षरात, एकाच शाईने भरले जाते, आणि मागील तारखांसमोर त्या त्या दिवशी काय झाले असावे याची कल्पना करून नोंदी लिहिल्या जातात. यात अप्रामाणिकपणा आहे हे उघडच आहे. परंतु त्याहून मोठे नुकसान निराळे आहे. ज्या एका साधनाने चौघांना आपण कोठे आहोत हे वेळीच कळू शकले असते, ते साधन काम संपेपर्यंत कोरे राहिले. आपल्याकडे नोंदी ठेवण्याची परंपरा काही तोकडी नव्हे. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द लिहिण्याचा शिरस्ता होता, आणि गणेश चिमणाजी वाड यांनी त्या दफ्तरांतून निवडलेल्या रोजनिशांवर इतिहासाचे अभ्यासक आजवर विसंबत आले ते एवढ्याचसाठी, की त्यांतील मजकूर प्रसंग ताजा असताना लिहिला गेला होता. कारभार चालविणाऱ्या कारकुनाला इतिहासाची चिंता नव्हती. उद्याचा हिशेब आज लागावा एवढीच त्याची गरज होती. विद्यार्थ्याचीही गरज नेमकी तीच आहे, आणि या पुस्तकाचा सारा भर त्या एका गोष्टीवर आहे: गटाचे लॉगबुक ज्या आठवड्याचे त्याच आठवड्यात, चौघांच्या समक्ष लिहिले जावे. त्यात कोण हजर होते, कोणती गोष्ट प्रत्यक्ष चालवून दाखविली, कोणाचे काम कोणासाठी अडले आहे आणि पुढील भेटीपर्यंत कोण काय आणणार, एवढा तपशील पुरे. त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

आता हे चौघे भेटतात कोठे आणि केव्हा, हा प्रश्न या परिसरात जितका बिकट आहे तितका तो परदेशी पाठ्यपुस्तकांत कोठेही आढळणार नाही. मिरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली; १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख असलेली येथील वस्ती २०११ साली आठ लाखांच्या वर गेली. एका पिढीच्या आत मिठागरे, शेते आणि कोळीवाडे यांच्या शेजारी हे जे शहर उभे राहिले, त्यातील मुलांना अभियंता होण्यासाठी प्रथम खाडी ओलांडून वसईच्या विद्यावर्धिनीच्या महाविद्यालयात, जे १९९४ साली सुरू झाले, किंवा दहिसरच्या पलीकडे बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस संस्थेत, जी १९९९ ची, जावे लागे. मिरा रोडच्या कनाकिया भागात श्री एल. आर. तिवारी अभियांत्रिकी महाविद्यालय २०१० साली निघाले, आणि घोडबंदर रस्त्याच्या ठाण्याकडील अंगाला कासारवडवलीस ए. पी. शाह संस्था २०१४ साली आली. परिणाम असा झाला, की आज यांपैकी कोणत्याही महाविद्यालयातील चौघांचा गट घेतला, तर एक जण उत्तनच्या कोळीवाड्यातून बसने येतो, दुसरी नालासोपाऱ्याहून लोकलने, तिसरा पालघरहून डहाणू गाडी पकडून, आणि चौथी रिक्षाच्या अंतरावर राहते. शेवटचा तास संपल्यानंतर तिसऱ्याची गाडी चुकली तर पुढची पुष्कळ वेळाने असते; संध्याकाळची गर्दी सुरू झाली की मिरा रोडच्या फलाटावरून विरारकडील डब्यात शिरणे हे दुसरीला अशक्यप्राय होते. ज्याला आपण सहज ‘मोकळा वेळ’ म्हणतो तो चौघांपैकी प्रत्येकाजवळ निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या वेळी असतो, आणि चौघांना सामायिक असा वेळ आठवड्यातून दोन-तीन तासांच्या वर निघत नाही. वेळेचे नियोजन म्हणून जे सांगावयाचे त्याचा पाया हाच आहे. गटाचा वेळ म्हणजे चौघांच्या वेळांची बेरीज नव्हे. ते दोन-तीन तास हीच गटाची खरी मिळकत होय, आणि ती एकट्याने करता येण्याजोग्या कामावर खर्च करणे ही उधळपट्टी होय. माहिती शोधणे, कोड लिहिणे, अहवालाचा मजकूर टाईप करणे ही कामे घरी किंवा गाडीतही होतील. परंतु एकाची तार दुसऱ्याच्या फळीला जोडून पाहणे, मतभेद मिटविणे आणि लॉगबुक लिहिणे यांसाठी चौघे एका टेबलाशी लागतात. म्हणून आठवड्यातला एक ठरलेला दिवस, शेवटचा तास आणि गर्दीची वेळ यांच्या मधला दीड तास, महाविद्यालयातच राखून ठेवावा, आणि परीक्षेचा तास चुकवीत नाही तसा तो चुकवू नये. रात्री दहाच्या व्हिडिओ कॉलने पुष्कळ कामे भागतात, पण सोल्डर सुटलेला सांधा त्या कॉलवर दिसत नाही.

सत्राच्या तक्त्याविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पहिले सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि दिवाळीच्या आसपास आटोपते. त्यात गाड्या बंद पडण्याचे दिवस येतात, गणपती येतात, नवरात्र येते, मधल्या चाचण्या येतात. मिरा-भाईंदरसारख्या गावात, जेथे गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, आगरी, कोळी, ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबांची मुले एकाच वर्गात बसतात, तेथे एकाच्या घरी गौरी-गणपती असतात तेव्हा दुसऱ्याला सवड असते, आणि दुसरीच्या घरी रमजान चालू असतो तेव्हा संध्याकाळची बैठक तिला जाचक होते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले ‘कालनिर्णय’ मराठी घरांच्या भिंतींवर टिकून राहिले याचे एक कारण, त्यात सर्व धर्मांचे सण एकाच पानावर नोंदलेले असतात, हे आहे. गँटचा तक्ता काढण्यापूर्वी चौघांनी ते पान समोर घेऊन आपापले दिवस त्यावर खुणा करून वगळावेत. सोळा आठवड्यांचे म्हणून वाटणारे सत्र त्यानंतर किती आठवड्यांचे उरते हे पाहून पहिल्यांदा धक्का बसतो. पण तो धक्का जुलैत बसणे हितावह आहे. शिवाय, सहकाऱ्याच्या घरी कोणता सण केव्हा असतो हे विचारून घेण्यात जी ओळख होते, ती पुढे अडचणीच्या प्रसंगी उपयोगी पडते.

सांघिक कामात बळ कसे वाया जाते, याचा पहिला शास्त्रीय शोध घेणारा मनुष्य अभियंताच होता, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्याने १८८० च्या दशकात माणसांना दोर ओढावयास लावून त्यांचे बळ मोजले आणि त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. ओढणाऱ्यांची संख्या जसजशी वाढते तसतसा प्रत्येकाचा वाटा घटत जातो, आणि आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकी बळ एकट्याने लावलेल्या बळाच्या निम्म्याच्या आसपास येते, असे त्याला आढळले. घट दोन कारणांनी संभवते: सर्वांचे हिसके एकाच क्षणी, एकाच दिशेने बसत नाहीत, हे एक, आणि इतर आहेतच, या भावनेने प्रत्येकाचा जोर ओसरतो, हे दुसरे. पुढे १९७४ साली ॲलन इंगम व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागे आणखी माणसे ओढीत आहेत असा त्यांचा समज करून दिला. वस्तुतः तो मनुष्य एकटाच ओढीत असे, आणि तरीही त्याचा जोर कमी पडे. म्हणजे दुसरे कारण खोटे नाही. विद्यार्थ्यांच्या गटांत मात्र ही दोन कारणे एकापाठोपाठ येतात, असे माझे निरीक्षण आहे. आरंभी चौघेही उत्साहाने काम करतात, पण मेळ नसल्यामुळे एकाने दोन रात्री जागून केलेले काम दुसऱ्याने केलेल्या कामाशी जुळत नाही आणि टाकून द्यावे लागते. असे दोनदा झाले की तो मनुष्य मनातून दूर होतो, आणि मग बाकीचे तिघे त्याला आळशी म्हणू लागतात. आळस हा पुष्कळदा रोगाचा आरंभ नसून शेवट असतो.

मुदतीच्या अंदाजाविषयीही असेच एक प्रमाण उपलब्ध आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रबंध पूर्ण करीत आलेल्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत संपेल असे विचारले होते. उत्तरांची सरासरी सुमारे ३४ दिवस आली. सर्व काही प्रतिकूल घडले तर किती लागतील, याची सरासरी ४९ च्या जवळ. आणि प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. अत्यंत निराश होऊन केलेला अंदाजही खोटा ठरला, कारण अंदाज करणाऱ्याची दृष्टी पुढच्या बेतावर खिळलेली असते आणि मागच्या खेपेस काय घडले इकडे ती वळत नाही. एकट्याच्या कामात ही स्थिती, तर चौघांच्या कामात, जेथे दुसऱ्याचे काम पहिल्याचे संपल्यावाचून सुरूच होत नाही, तेथे चार आशावादी अंदाज एकापुढे एक उभे राहतात. उपाय एकच: मागील सत्रातील लघुप्रकल्पाला कोणत्या टप्प्यावर किती आठवडे लागले ते पाहून पुढचा तक्ता करावा. पण हे पाहावयाचे कोठे? लॉगबुकात, आणि ते एका बैठकीत भरलेले असेल तर तेथे काहीच सापडत नाही.

हे सारे हवेतले राहू नये म्हणून एक उदाहरण जरा विस्ताराने घेतो. समजा, एका गटाने पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचू लागल्याची सूचना मोबाईलवर देणारे यंत्र करावयाचे ठरविले. मिरा रोडच्या मुलांना हा विषय सुचणे स्वाभाविक आहे. कामाची वाटणी झाली: एकाने अंतर मोजणारा सेन्सर पाहावयाचा, दुसरीने ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरवरचे कोड लिहावयाचे, तिसऱ्याने मोबाईलवरचे ॲप करावयाचे आणि चौथीने पेटी व खांब. वाटणी दिसावयास निर्दोष आहे. पहिल्याने एचसी-एसआर०४ हा स्वस्त सेन्सर आणला, तो आरडुइनो उनोवर लावून पाहिला, तो उत्तम चालला. दुसरीने आपले कोड सेन्सरवाचून, कल्पित आकडे घालून तपासले, तेही चालले. दोघेही आपले काम झाले असे सांगतात आणि दोघेही खरे बोलत असतात. पण तो सेन्सर पाच व्होल्टवर चालतो आणि आपले उत्तरही पाच व्होल्टने देतो, तर ईएसपी-३२ ची पिन ३.३ व्होल्टची आहे. मध्ये दोन रेझिस्टर घालून दाब उतरविल्याखेरीज ती जोडणी करू नये, हे पहिल्याला विचारावेसे वाटले नाही आणि दुसरीला सांगावेसे वाटले नाही. पुढे लक्षात येते की रस्त्यावर जलरोधक सेन्सर हवा. तो आणला, तर तो साधारण २० सेंटिमीटरच्या आतले अंतर मोजतच नाही, म्हणून पाण्याची कमाल पातळी धरून खांबावर तो पुरेसा उंच बसवावा लागतो. आणि चौथीने तर पेटीची उंची दोन आठवड्यांपूर्वीच ठरवून भोके पाडून ठेवली आहेत. यात कोणाचा आळस नाही, कोणाचे अज्ञानही म्हणता येणार नाही. चौघांमध्ये दोघादोघांच्या सहा जोड्या होतात, आणि त्यांपैकी ज्या दोन जोड्यांनी आपापसांत बोलावयास हवे होते त्या बोलल्या नाहीत. हा दोष सबमिशनच्या आठवड्यात उघड झाला, तर नवा सुटा भाग आणण्यासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडची फेरी करावी लागते, आणि मिरा रोडच्या विद्यार्थ्याचा त्यात पुरा दिवस जातो. म्हणून या पुस्तकात जोडणीचे काम शेवटी ठेवू नये, सत्राच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच, यंत्र ओबडधोबड असताना, सर्व भाग एकदा एकत्र आणून पाहावेत, असे वारंवार सांगितले आहे. आणि महत्त्वाचा सुटा भाग एकाऐवजी दोन आणावेत हेही.

वाटणीविषयी मला आणखी एक गोष्ट, जरा कठोरपणे, सांगावयाची आहे. अनेक गटांत ज्याचा हात कोडवर बसलेला आहे तो कोड करतो, ज्याला तारांची भीती नाही तो हार्डवेअर घेतो, आणि अहवाल व सादरीकरण मुलीकडे, तिचे इंग्रजी चांगले, अक्षर चांगले, काम नीटनेटके, या सबबीखाली दिले जाते. ती मुलगी वाणिज्य शाखेला जाण्याचे सोडून अभियांत्रिकीला आली ती टाईप करण्यासाठी नव्हे. व्हायवाच्या दिवशी बाहेरचे परीक्षक तिला सर्किटविषयी विचारतात, आणि चार महिन्यांत तिच्या हाती सोल्डरिंगची बंदूक एकदाही आलेली नसते. तिला जो संकोच त्या क्षणी सोसावा लागतो त्याची जबाबदारी वाटणी करणाऱ्यांवर आणि ती वाटणी मुकाट्याने पाहणाऱ्या मार्गदर्शकावर आहे. प्रत्येक भागाचा एक कर्ता असावा आणि एक जाणता असावा. जाणत्याने तो भाग कर्त्याच्या गैरहजेरीत चालवून दाखविता आला पाहिजे. आणि अहवाल ज्याने जे केले त्याने त्याचे लिहावे. याने थोडा वेळ अधिक जातो. तो जावा.

न येणाऱ्या सहकाऱ्याचा प्रश्न प्रत्येक गटाला कधीतरी पडतो, आणि त्याबाबत विद्यार्थी दोन टोकांना जातात: एकतर मैत्री दुखावेल म्हणून शेवटपर्यंत काहीच बोलत नाहीत, नाहीतर शेवटच्या आठवड्यात सरांकडे तक्रार घेऊन जातात. “झालं का रे?” या प्रश्नाला “होत आलंय, शनिवारी देतो” हे उत्तर ठरलेले असते, आणि त्या उत्तरातून काहीच कळत नाही. त्याऐवजी “जेवढं चालतंय तेवढं घेऊन ये, नाही चालत तेही आण, बसून बघू” असे म्हटले, तर दाखविण्याची वेळ येते आणि लपविण्याची गरज राहत नाही. तो का येत नाही हे आधी विचारावे. रात्री एखाद्या दुकानात किंवा डिलिव्हरीच्या कामावर जाणारी, घरचा खर्च उचलणारी मुले आपल्या वर्गांत आहेत आणि ती आपण होऊन सांगत नाहीत. कारण कळल्यावर काम बदलून द्यावे. कारण नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच, लॉगबुकात लिहून, त्याच्या समक्ष मार्गदर्शकांना सांगावे. समक्ष आणि वेळीच सांगितलेली गोष्ट ही चहाडी होत नाही.

सांघिक कामाचा श्रेष्ठ नमुना म्हणून हल्ली विद्यार्थ्यांपुढे हॅकेथॉन ठेवली जाते. २०१७ साली सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा-सहा जणांचे गट सलग ३६ तास काम करतात, आणि त्यातून निपजलेला उत्साह मी कमी लेखीत नाही. परंतु तेथे सहाही जण एका टेबलाशी असतात, गाडी कोणाची चुकत नाही, दुसऱ्या विषयाची चाचणी मध्ये येत नाही. सत्रभर चालणाऱ्या प्रकल्पाची अडचण वेगाची नसून दोन भेटींमधल्या अंतराची आहे. ‘शेवटच्या दोन रात्री जागू’ हा बेत त्या ३६ तासांच्या आठवणीतून निघतो आणि येथे फसतो. शेवटच्या क्षणी बाहेरची मदत जोडणेही तसेच. आयबीएमच्या सिस्टीम/३६० यंत्रांसाठी कार्यप्रणाली तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात, रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसे नेमली की ते अधिकच रेंगाळते, असे अनुभवाने सांगितले. नव्या माणसाला सारे समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि चौघांत सहा असलेल्या जोड्या सहा जणांत पंधरा होतात. तयार प्रकल्प विकत देणाऱ्या दुकानांविषयी येथे अधिक लिहीत नाही. ते शिक्षणच नव्हे.

नमुना पाहावयाचाच असेल तर तो आपल्या महाराष्ट्रात दीर्घ मुदतीच्या कामाचा आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, म्हणजे १८५४ सालापासून चालत आलेल्या सीओईपीतील, विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास एक लहानसा उपग्रह करावयास घेतला. दहा सेंटिमीटरच्या घनाकाराचा, वजनाने सुमारे एक किलो, आणि अंगभूत चुंबकांच्या आधारे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी आपली दिशा जुळवून घेणारा. त्याचे नाव ‘स्वयम्’. पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने तो श्रीहरिकोट्याहून २२ जून २०१६ रोजी, एकूण वीस उपग्रहांपैकी एक म्हणून, कक्षेत नेला. पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’, जो सुमारे दहा किलोचा होता आणि आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी करण्यासाठी योजला होता, तोही त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ वरून गेला. त्याचाही आरंभ २००७-०८ मधला. दोन्ही कामांना आठ-नऊ वर्षे लागली, आणि पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. ज्यांनी पहिली आकृती कागदावर काढली ते प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पदव्या घेऊन गेलेले होते. ज्यांनी शेवटची चाचणी घेतली ते, ती आकृती काढली गेली तेव्हा, शाळेत होते. मध्ये किती तुकड्या आल्या आणि गेल्या, प्रत्येकीला मागच्यांचे काम समजून घेऊन पुढच्यांच्या स्वाधीन करावे लागले, आणि एखादा निर्णय का घेतला हे सांगणारा मनुष्य जागेवर नसताना त्या निर्णयाचे कारण कागदावर सापडावे लागले. एवढ्या दीर्घ काळ ते काम टिकले ते केवळ हुशारीवर टिकणे शक्य नव्हते. आपल्या चौघांना चार महिन्यांत जे करावयाचे आहे ते याहून फार लहान आहे. पण सहकाऱ्याला एक आठवडा ताप आला आणि त्याचे कोड उघडून बघण्याची वेळ आली, की गरज नेमकी तीच पडते.

पुढील प्रकरणांत सत्राच्या क्रमानेच विवेचन केले आहे: गट जमविणे, विषय ठरविणे, सामायिक तास राखणे, वाटणी, पहिली जोडणी, मधला आढावा, अहवाल आणि व्हायवा. वाचकाने ती क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्या आठवड्यात जे अडेल ते पान उघडावे. मार्गदर्शकांसाठी निराळे प्रकरण लिहिलेले नाही, कारण त्यांच्याकडून मागणे एकच आहे, की लॉगबुकाची सही ते पुस्तक उघडून, त्या आठवड्याचे चालते काम पाहून द्यावी, आणि नोंद नसेल तेथे सही देऊ नये.

राहता राहिला प्रश्न पहिल्याच प्रकल्पाचा, ज्याच्या मागे स्वतःचे असे कोणतेही लॉगबुक नसते. त्यासाठी विभागाच्या ग्रंथालयातील ते कपाट उघडावे, ज्यात मागील तुकड्यांची काळ्या बांधणीची ब्लॅकबुके वर्षानुवर्षे ठेवलेली असतात आणि मुखपृष्ठाचा नमुना पाहण्यापलीकडे त्यांना सहसा कोणी हात लावीत नाही. आपल्या विषयाजवळची दोन निवडावीत, त्यांतील तक्त्यात काय करावयाचे ठरले होते आणि निष्कर्षाच्या प्रकरणात काय झाले असे लिहिले आहे, ते समोरासमोर ठेवून वाचावे, आणि जे ठरले पण झाले नाही त्याची यादी करावी. त्या तुकडीतील कोणी ओळखीचे निघाले तर त्यांना विचारावे: कोणता भाग जळला, कोठे अडलात, किती आठवडे गेले? बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात, कारण त्यांना हे आजवर कोणी विचारलेले नसते. जे कळेल ते आपल्या लॉगबुकाच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहावे, आणि आपल्या ब्लॅकबुकात, निष्कर्षाच्या नंतर, काय जमले नाही आणि का जमले नाही याचे एक पान पुढच्या तुकडीसाठी जोडावे. मार्गदर्शकांनी त्या पानाबद्दल गुण कापू नयेत, एवढी त्यांना विनंती आहे.